अलक आणि काळा विनोद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका लहानशा बाजारगावात आमचं वाचनालय आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तिथे दहा-बारा जण जमतात आणि शंभर शब्दांच्या आतल्या काळ्या कथा वाचतात. चहा येतो, भजी येतात, कुणीतरी कथेत कुणालातरी मारतं आणि साडेसातला सगळे घरी जातात, कारण ग्रंथपालबाईंना कुलूप लावायचं असतं. या प्रकाराबद्दल लोक विचारत राहतात : चिठ्ठीवर, व्हॉट्सॲपवर, मासळीबाजारात हातात बांगड्यांची पिशवी असताना. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. अलक म्हणजे काय? शशक म्हणजे तेच का?

अलक म्हणजे अति लघु कथा. आद्याक्षरं जोडून झालेला शब्द. तिला ठरलेलं माप नाही, पाच-सहा ओळींत आटोपली की अलक. शशक म्हणजे शतशब्दकथा. तिच्यात बरोबर १०० शब्द हवेत, ९९ चालत नाहीत आणि १०१ही नाहीत. थोडक्यात, शशक ही मापात शिवलेली अलक. आमच्याकडे फक्त ‘शंभरच्या आत’ एवढाच नियम आहे, कारण बरोबर शंभर करण्याच्या नादात लोक ‘अतिशय’ आणि ‘खूपच’ भरायला लागतात. शब्द कसे मोजायचे ते प्रश्न ९ मध्ये.

२. काळा विनोद म्हणजे ज्यात कोणीतरी मरतं तो ना?

मेलंच पाहिजे असं नाही. आजारपण, दिवाळं, भाऊबंदकी, मोडलेलं लग्न, काहीही चालतं. जिथे हसू येऊ नये असं आपल्याला शिकवलंय तिथे ते आलं, की तो काळा विनोद.

हे नाव रूढ झालं फ्रान्समधून. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच लेखकाने अशा लेखनाचा एक संग्रह १९४० मध्ये तयार केला. जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या तिथल्या विशी सरकारने तो अडवला आणि वाचकांच्या हाती पोचायला १९४५ उजाडलं. संग्रहाची सुरुवात त्याने जोनाथन स्विफ्ट या आयरिश लेखकापासून केली होती. या स्विफ्टने १७२९ मध्ये आयर्लंडच्या दारिद्र्यावर उपाय सुचवला होता की गरिबांनी आपली पोरं श्रीमंतांना खायला विकावीत. लिहितानाचा त्याचा चेहरा हिशेबनिसाचा आहे : एका मुलाचं वजन किती भरेल, किंमत काय यावी, उकडून बरं की भाजून. तो एकदाही डोळा मारत नाही. तसा मारला असता तर ते लेखन तेव्हाच विसरलं गेलं असतं.

आमच्या टेबलावर दोन वर्षं वाद घालून माझं जे मत झालंय ते इथेच सांगतो, पुढच्या उत्तरांना ते लागेल. हसू मेलेल्या माणसाचं येत नाही. माणूस गेला तरी वीजबिल येतं, रीतभात सांभाळावी लागते, कुणाला पान आधी वाढलं यावरून रुसवे होतात आणि पावणेसहाची एसटी सव्वासहालाच येते. हे सगळं इतकं ठणठणीत चालू राहतं, त्याचं हसू येतं.

३. म्हणजे चुटकेच की! कथा कशाला म्हणायचं?

ही एक वाचा :

*अण्णांनी सागाची फळी पंचवीस वर्षं माळ्यावर जपली. कुणी मागितली तर म्हणायचे, चांगल्या कामाला काढू. भर आषाढात अण्णा गेले. सगळा गाव पालथा घातला, सुकं लाकूड तेवढंच निघालं.*

चुटका दुसऱ्यांदा सांगितला की हसू अर्धं होतं. वरच्या चार वाक्यांत पहिल्यांदा हसू येतं आणि दुसऱ्यांदा वाचताना अण्णा दिसायला लागतात : शिडीवर चढून फळीवरची धूळ पुसणारे, वाळवी लागली नाही ना ते बोटाने टकटक करून बघणारे. चुटक्यातल्या माणसाला आदला दिवस नसतो. अण्णांना पंचवीस वर्षं आहेत आणि ती एका फळीत मावली आहेत.

४. एवढ्याशा लिखाणाला मोठ्या लेखकांनी कधी हात लावलाय का?

भरपूर जणांनी. आउगुस्तो मोन्तेरोसो या ग्वातेमालाच्या लेखकाची १९५९ साली छापलेली एक कथा मूळ स्पॅनिशमध्ये फक्त सात शब्दांची आहे : कुणीतरी जागं होतं आणि डायनासोर अजून तिथेच असतो. संपली. (आमच्या एका सभासदाने डायनासोरच्या जागी ‘गणपतीचे पाहुणे’ घालून वाचली. सगळ्यात जोरात टाळ्या तिला पडल्या.)

पॅरिसमध्ये फेलिक्स फेनेआँ १९०६ मध्ये ‘ल मातँ’ या दैनिकात नाव न देता तीन-तीन ओळींच्या बातम्या लिहायचा. अपघात, खून, बुडून मेलेले, विष घेतलेले. बातम्या खऱ्या, पण वाक्याची रचना अशी की क्रियापदापर्यंत पोचता पोचता वाचकाच्या तोंडावर हसू यावं आणि त्याची त्यालाच लाज वाटावी. लेनिनग्राडच्या दानील खार्म्स या रशियन लेखकाच्या एका कथेत म्हाताऱ्या एकामागून एक खिडकीतून पडतात, कारण प्रत्येकीला आधीची कशी पडली ते वाकून बघायचं असतं. शेवटी निवेदकाला कंटाळा येतो आणि तो बाजारात निघून जातो. खार्म्सला हयातीत लोक मुलांचा लेखक म्हणून ओळखत होते. १९४१ मध्ये त्याला पकडलं आणि १९४२ च्या फेब्रुवारीत, शहराला वेढा पडलेला असताना, तुरुंगाच्या रुग्णालयात तो मेला.

जवळचं नाव हवं असेल तर सआदत हसन मंटो. फाळणीच्या कत्तलींवरची त्याची अगदी छोटी टिपणं १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आली. काही तर दोन-तीन ओळींची. त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये पुन्हा येईल.

आणि अगदी घरचं नाव हवं असेल तर वि. स. खांडेकर. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या शाळेत ते १९२० ते १९३८ शिकवत होते आणि मराठीत रूपककथा रुजवली ती त्यांनी. पान-दीड पानाच्या त्या कथांत काळा विनोद नाही, बोध मात्र आहे, कधी कधी जरा जास्तच. पण थोडक्यात कथा सांगता येते हे शिरोड्याच्या वाळूत बसून कुणीतरी आधीच दाखवलं होतं, एवढं आम्ही नवख्यांना अभिमानाने सांगतो.

५. बाळाच्या न वापरलेल्या बुटांची ती सहा शब्दांची गोष्ट हेमिंग्वेचीच ना?

या अमेरिकन लेखकाने ती लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. तशा आशयाच्या छोट्या जाहिराती आणि त्यांवरची टिपणं अमेरिकन वर्तमानपत्रांत तो शाळकरी पोर असतानाच येत होत्या. त्याने ती पैजेवर लिहिली ही गोष्ट तो गेल्यावर कित्येक वर्षांनी पसरली. शिवाय ती काळी आहे, विनोदी नाही. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. पुढच्या वेळी कुणी फॉरवर्ड केलं तर हे उत्तर पाठवा.

६. पण लोकांना हे आवडतं तरी का? मरणावर हसायचं म्हणजे मन मेलंय का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा आधी हसलेले असतात.

अशा कथेत लेखक शेवटची पायरी बांधतच नाही, वाचक उडी मारतो. अण्णांच्या कथेत ‘चिता’ हा शब्द नाही. तो तुम्ही आणलात, आणि क्षणात आणलात. इतक्या लवकर कळलं याचा अर्थ असला विचार तुमच्याही मनात कधीतरी येऊन गेला होता. मयताला बसल्या बसल्या ‘आता जेवायला किती वाजणार’ असं वाटून गेलेलं असतं. मुंबईहून आलेल्या भाच्याने ‘नेट येतं का इथे?’ हे दबक्या आवाजात विचारलेलं असतं आणि उत्तर ऐकायला आपणही कान टवकारलेले असतात. असल्या गोष्टी आपण कुणाला सांगत नाही. कथेने त्या परस्पर सांगून टाकल्या की जीव हलका होतो. वाचनालयातलं हसू मला म्हणूनच कबुलीजबाबासारखं वाटतं. दहा जण एकदम हसले, म्हणजे दहा जण एकदम सापडले.

आणि लांबीचा भाग आहेच. काळा विनोद म्हणजे कोकमाचं आगळ. चमचाभर घातलं तर सोलकढी होते, पेलाभर कुणी पीत नाही. चारशे पानं तिरकस बोलणारा लेखक दुसऱ्या प्रकरणात नकोसा होतो. चाळीस शब्दांत तो आपल्याला नको व्हायच्या आत निघून गेलेला असतो.

एक कारण साधं आहे आणि ते आम्हाला एका रिक्षावाल्याने सांगितलं : दोन भाड्यांच्या मधे तेवढंच वाचून होतं.

७. कोकणी माणूस जन्मतःच असा बोलतो का?

‘जन्मतःच’ वगैरे म्हणायला माझी तयारी नाही. वऱ्हाडातला माणूसही कमी नाही. पण इथल्या बोलण्यात मरण फार सहज येतं हे खरं. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला मालवणीत विचारतात, “खंय मेल्लंस रे इतके दिवस?” हे प्रेमाने विचारलेलं असतं. उत्तरही तयार असतं : “हंयच मेलंय, पण रडाक कोण इलो नाय.” ही झाली दोन ओळींची काळी कथा, स्वागताची. तिला लेखक नाही.

कारणं शोधायचीच तर मला दोन दिसतात. एक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरातला कर्ता माणूस मुंबईला असायचा. सुखदुःख मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळींत नाहीतर तारेत यायचं, आणि तारेत शब्दाला पैसे पडायचे. तेव्हा थोडक्यात आणि कोरडं सांगायची सवय जुनी आहे. दुसरं म्हणजे गाऱ्हाणं. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गावकर सुरू होतो, एकेक संकट मोजतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एकसुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. साप असो, साथ असो की शेजारच्याची वाईट नजर, सगळ्याला तोच सूर. भयंकर आणि क्षुल्लक एका पट्टीत आलं की काळ्या विनोदाचं अर्धं काम झालं.

लिखाणात बघायचं तर आरवलीच्या जयवंत दळवींची गावातली माणसं आठवा. हसवत हसवत ती माणसं एकेक करून संपत जातात आणि शेवटी आपण रिकाम्या ओटीवर बसलेलो असतो.

मात्र एक विनंती आहे. पर्यटकांना दाखवायला जो ‘गमतीदार मालवणी माणूस’ तयार झालाय, गळ्यात टॉवेल आणि तोंडात दोन ठरलेल्या शिव्या, तो आमच्या टेबलावर आणू नका. त्याला मरण येत नाही, म्हणून तो काळा होत नाही.

८. एखादी कथा घडताना दाखवाल का?

दाखवतो. निवृत्त एसटी कंडक्टर असलेल्या आमच्या एका सभासदाने दहाव्याच्या कावळ्यावर कथा आणली. एकशे साठच्या वर शब्द होते. सुरुवातीला नदीचा काठ, धुकं, माडाच्या झावळ्या. मग मयत माणूस किती कष्टाळू होता ते. मग ‘आणि तेव्हा एक अघटित घडले’. एवढं झाल्यावर मुद्दा.

आधी धुकं गेलं. कावळा शिवणं काय असतं हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही, सबब तो परिच्छेद गेला. कष्टाळूपणा गेला, कारण ‘कलमांचे वाटे’ म्हटलं की ती कलमं कुणी लावली ते येतंच. ‘अघटित’ जाताना कंडक्टरसाहेब जरा नाराज झाले. गुरुजी मूळ मसुद्यात मंत्र म्हणत होते. त्यांना घड्याळ बघायला लावलं. राहिली ती ही :

*दहाव्याला कावळा शिवेना.*
*थोरला म्हणाला, “बाबा, कलमांचे समान वाटे करीन.”*
*धाकटा म्हणाला, “आईला मुंबईला नेईन.”*
*कावळा माडावरून हलला नाही.*
*गुरुजींनी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला घेतला.*
*तेव्हा आई पुढे आली. पानाकडे वाकून हळूच म्हणाली, “अहो, हे दोघे खोटं बोलतायत. तुम्ही जेवून घ्या.”*

बेचाळीस शब्द. दोन वाद झाले. एक, बायका दहाव्याला नदीवर जातातच कुठे? कंडक्टरसाहेबांचं उत्तर होतं की बऱ्याच घरांत जात नाहीत, म्हणूनच ‘पुढे आली’ हे दोन शब्द काढू देणार नाही. पटलं. दुसरा वाद शेवटाचा. मूळ कथेत आणखी एक वाक्य होतं : ‘कावळा आला.’ मतदान झालं, ते काढावं असं सात विरुद्ध पाच ठरलं, मी सातांतला. आमचं म्हणणं, कावळा येतो की नाही ते वाचकाने ठरवावं. साहेब मात्र मोठ्याने वाचताना अजूनही थोडं थांबून ‘कावळा आला’ म्हणतात, आणि हशा नेमका तिथेच पडतो. आमचं चुकलंही असेल.

९. शब्द मोजायचे कसे?

मराठीत हे काम फायद्याचं आहे. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘माडावरून’ हा एकच शब्द, ‘वाचनालयाबाहेरच्यांसाठी’ हासुद्धा एकच. मात्र काटकसरीसाठी ‘तोम्हणाला’ असं जोडून लिहिणाऱ्याला आम्ही चहा देत नाही. जोडरेघेचा शब्द एक धरा. शीर्षक मोजत नाही, तेव्हा तिथे सामान ठेवा : फळीच्या कथेचं शीर्षक ‘चांगलं काम’ ठेवलं असतं तर आतलं एक वाक्य कमी झालं असतं. (ठेवलं नाही, कारण मग पहिल्या वाचनात पत्ते उघडे पडतात.)

१०. शेवटी धक्का पाहिजेच का?

नको. धक्का एकदाच बसतो. ‘आणि तो आरशात दिसत नव्हता’ छापाच्या शेवटांची आमच्याकडे एक फाइल आहे, जाडजूड. त्यापेक्षा गोष्ट सरळ रेषेत जाऊ द्या, फक्त ती रेषा भिंतीवर जाऊन आदळली पाहिजे :

*नोव्हेंबरात आजी हयातीचा दाखला द्यायला गेली. जन्मभर काजू सोलून बोटांवरच्या रेषा गेलेल्या. यंत्राने तीनदा नाही म्हटलं. “आजी, यंत्राच्या मते तुम्ही नाही.” “मग मी जाऊ?” “असं कसं जाता येईल? त्याला मृत्यूचा दाखला लागतो.”*

यात अनपेक्षित असं काहीच नाही. रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा संवाद खोटा वाटणार नाही, आणि म्हणूनच तो लागतो.

११. मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

निवेदन कोणत्याही भाषेत करा. माणूस तोंड उघडेल तेव्हा त्याच्याच भाषेत उघडू द्या.

*बंड्या गणपतीला येतो सांगून गेला, तो अकरा वर्षांनी उगवला. दाराला कुलूप. शेजारच्या काकीने किल्ली दिली आणि वीजबिलांची पिशवी. “आवस भरी. ह्या म्हयन्यापासून तुका भरूक व्हया.”*

काकीचं वाक्य ‘तुझी आई भरायची, या महिन्यापासून तुला भरावं लागेल’ असं करून बघा. अर्थ तोच राहतो, पण काकी नाहीशी होते आणि तिच्या जागी वीज कंपनीची नोटीस येते. उलट, अख्खी कथा मालवणीत लिहिली की वाचक आधीच हसायच्या तयारीत बसतो, आणि काळ्या विनोदाला तयारीत बसलेला वाचक चालत नाही. हे माझं मत; कुडाळच्या दोन सभासदांना ते अजिबात मान्य नाही.

१२. भुताच्या गोष्टी यात धरता का?

भूत घाबरवत असेल तर नाही. त्या गोष्टींना कोकणात वेगळी रात्र लागते. भूत आपल्या रोजच्या अडचणीत सापडलं असेल तर जरूर :

*पिंपळावरचा मुंजा हल्ली दिसत नाही. पिंपळ महामार्गात गेला. मोबदल्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.*

मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्यामुळे या विषयावर कथांचा तुटवडा नाही. महिन्याला एकच महामार्ग-कथा घ्यायची असं आता ठरवावं लागलंय.

१३. खऱ्या घटनेवर लिहिलं तर चालेल?

चालेल, पण अडचण अशी की खरं बऱ्याचदा कथेच्या पुढे निघून जातं. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यात लाल बिहारी नावाच्या माणसाला नातेवाइकांनी जमिनीसाठी सरकारी कागदावर मृत दाखवलं. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं आणि आपल्यासारख्या कागदोपत्री मेलेल्यांचा संघ काढला. हे कुणी कथा म्हणून आणलं असतं तर ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून आम्ही परत दिलं असतं. प्रश्न १० मधल्या आजीला मी मुद्दाम एकच वाक्य दिलं ते यासाठी.

दुसरी अडचण माझ्या अनुभवातली. मयताला आलेला एक जण जाताना मयताचीच छत्री घेऊन जातो, अशी कथा मी लिहिली होती. घडलेली होती. नाव बदललं, गाव बदललं, नातं बदललं. छत्रीच्या मुठीला बांधलेला हिरवा दोरा मात्र ठेवला, कारण तो दोरा छान होता. पुढच्या रविवारी ते गृहस्थ आले, काही न बोलता छत्री टेबलावर ठेवली आणि भर पावसात निघून गेले. पुन्हा आले नाहीत. छत्री अजून वाचनालयात आहे. ती नेमकी कुणाला परत करायची हे कुणालाच ठरवता येत नाही.

तेव्हा नियम असा : जो तपशील तुम्हाला सगळ्यात आवडलाय, माणूस त्याच्यावरूनच ओळखला जातो. तो बदला.

१४. कशावर हसू नये?

विषयांची यादी आम्ही केलेली नाही. एकदा करायला बसलो होतो, अर्ध्या तासात तीच विनोदी वाटायला लागली. आम्ही विचारतो ते एवढंच, की कथेतला मार कुणाला बसतोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते; त्या दिवसांत कर्जाच्या हप्त्यासाठी चोरून होडी काढणाऱ्या आणि बुडणाऱ्या खलाशावर कथा आली होती. पहिल्या खर्ड्यात खलाशी मूर्ख होता. दुसऱ्यात हप्ता मागायला आलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहून होडीची किंमत मनात मांडत होता. समुद्र तोच, मरणही तेच. दुसरी आम्ही घेतली.

जातीवरून, व्यंगावरून केलेली गंमत आम्ही काळा विनोद धरत नाही, ती नुसतीच जुनी असते. आत्महत्येवरच्या कथा जाहीर वाचत नाही. गाव लहान आहे, समोर कोण बसलंय ते माहीत नसतं.

मंटोवर तेव्हा टीका झाली की हा प्रेतांवर विनोद करतो. वाचून बघा, प्रेतांवर एकही नाही. लुटारूंच्या शिस्तीवर आहेत, मारेकऱ्यांच्या बारीक हिशेबांवर आहेत.

१५. शाळकरी मुलांना द्यावं का वाचायला?

आठवी-नववीच्या मुलांना द्या. ती याहून काळं बोलतात. त्याहून लहान असतील तर आधी आईवडिलांना वाचायला द्या. घाबरतात ते तेच.

१६. घरात नुकतंच कुणी गेलं असेल अशा माणसासमोर वाचावं का?

याचं उत्तर आम्ही बरीच वर्षं ‘नाही’ असंच दिलं असतं. साधी रीत म्हणून ते अजूनही बरोबर आहे : आधी विचारा, आणि समोरचा ‘चालेल’ म्हणताना कुठे बघतो ते बघा.

पण मागच्या वर्षी श्रावणात एक बाई आल्या. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. त्या आत येताना दिसल्या तसं कावळ्याची कथा वाचणाऱ्याने कागद खाली ठेवला आणि कुणीतरी पावसाचा विषय काढला. त्या खुर्चीवर बसल्या, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “मेल्यांनो, गप कित्याक ऱ्हवलात?” मग त्यांनी पर्समधून चौघडीचा कागद काढला. लोक भेटायला यायचे आणि ‘झोपेत गेले, भाग्यवान हो’ म्हणायचे, त्याला कंटाळून लिहिलंय, एवढंच सांगितलं आणि वाचलं :

*चाळीस वर्षं त्यांच्या घोरण्याने मला झोप लागली नाही. त्या रात्री मात्र गाढ लागली.*

कुणी हसलं नाही. मग त्या स्वतः हसल्या, आणि मग सगळेच. कागदाची घडी घालून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि भजी गार करून टाकल्याबद्दल आम्हाला चांगलंच झापलं.